जुन्या घराचा जीर्णोद्धार आणि घरच्यांचा हातभार

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंतील भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं मला चार शब्द बोलावयास सांगण्यांत आलें, तेव्हां विषयाची निवड माझ्यावर सोंपविलेली नव्हती. आमच्या वडिलार्जित घराची दुरुस्ती गेल्या कांहीं उन्हाळ्यांत कशी झाली, तींत कोणाकोणाचे हात लागले, आणि त्यांतून इतरांस उपयोगीं पडेल असें काय सांगतां येईल, एवढेंच सांगा, अशी व्यवस्थापक मंडळींची आज्ञा होती. मी कांहीं बांधकामाचा पंडित नव्हें. परंतु आपल्या वसई तालुक्यांत ज्यांच्या डोक्यावर अजून कौलारू छप्पर आहे अशीं कुटुंबें या सभेंत पुष्कळ आहेत, आणि घर पाडावें कीं राखावें, हा प्रश्न त्यांतील बहुतेकांपुढें आज ना उद्यां उभा राहणार आहे. म्हणून ही आज्ञा मीं आनंदानें मान्य केली.

आमचें घर आजोबांनीं १९३१ सालीं बांधलें. जोत्यास काळा दगड, खांब व तुळया सागाच्या, पुढील भिंती विटांच्या व चुन्याच्या, मागील अंगाच्या दोन भिंती कारवीच्या कुडाच्या, आणि वर मंगळुरी कौलें. समोर ओटी, मधें माजघर, त्यांत अल्तार, मागें स्वयंपाकघर व पडवी. आपणां सर्वांच्या घरांचा घाट थोड्याफार फरकानें असाच असावयाचा. त्यांत नवलाचें कांहीं नाहीं. गोमंतकांत चांदोर, लोटली येथील जुने वाडे पाहावयास दूरदूरचे लोक येतात. आपलीं घरें पाहावयास कोणी येत नाहीं. तीं आपणच पाहिलीं पाहिजेत.

त्या घरांत आज माझ्या वडिलांची थोरली बहीण, म्हणजे आमची थोरली आत्या, राहते. वय ८३. तिनें लग्न केलें नाहीं. आजीआजोबांची अखेरची सेवा तिनेंच केली, आणि आम्हां सर्व भाचे-पुतण्यांस उन्हाळ्याच्या सुटींत सांभाळलें तेंहि तिनेंच. बाकीचे आम्ही पांगलों. कोणी मुंबईस, कोणी विरारच्या इमारतींत चौथ्या मजल्यावर, कोणी आखातांत, एक बहीण ऑस्ट्रेलियांत. २०२२ च्या पावसाळ्यांत माजघरावर गळती लागली, मागील पडवीचा एक खांब खचला, आणि त्या बाजूचीं दारें लागेनाशीं झालीं. घरभर बादल्या व पातेलीं मांडून एक वृद्ध बाई रात्री जागून काढीत आहे, हें कळल्यावर कोणास स्वस्थ झोंप लागेल? कुटुंबांत लागलींच दोन मतें झालीं. आत्येस विरारला न्यावें व घर विकून टाकावें, हें एक. घर दुरुस्त करावें, हें दुसरें. खुद्द आत्येस कोणी विचारलें नव्हतें. विचारलें तेव्हां ती म्हणाली, “मला हलवूं नका. घर हलतें आहे, तें आधीं थांबवा.”

आतां काम हातीं घेण्यापूर्वीं घर कोणाचें, याचा उलगडा झाला पाहिजे. पुष्कळ ठिकाणीं दुरुस्ती पैशावांचून अडत नाहीं, या एका गोष्टीवांचून अडते. आपणां ख्रिस्ती लोकांस १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. त्याप्रमाणें मृत्युपत्र न करतां बाप वारला तर विधवेस एक-तृतीयांश वाटा मिळतो, व उरलेला मुलांस समसमान; आणि येथें मुलें म्हणजे मुलगे व मुली दोन्ही. आपल्याकडे मात्र अजून असा समज आहे कीं, लग्न होऊन गेलेल्या मुलीचा माहेरच्या घराशीं संबंध नाताळच्या करंज्यांपुरताच. हा समज कायद्यासहि धरून नाहीं व न्यायासहि नाहीं. आम्हीं पहिलीं पत्रें पाठविलीं तीं आत्यांस व बहिणींस. आजोबांच्या पश्चात् मोजदाद केली तेव्हां अकरा वारस निघाले. नाताळनंतरच्या आठवड्यांत, परदेशचीं माणसें गांवीं असतांना, सर्वांस ओटीवर बसविलें. ऑस्ट्रेलियांतील बहीण फोनवर हजर होती. तिच्याकडे त्या वेळीं रात्र झाली होती, तरी ती अखेरपर्यंत ऐकत होती.

माझ्या एका चुलतभावास घर विकावयाचें होतें. त्याच्याविषयीं कोणी वाईट बोललेलें मला आवडत नाहीं. मुलांच्या शिक्षणाचें कर्ज त्याच्या डोक्यावर आहे, आणि आपल्या तालुक्यांत जमिनीचा भाव काय झाला आहे, हें मीं सांगावयास नको. एका बाजूस जमिनीचें सोनें आणि दुसऱ्या बाजूस गळकें छप्पर, अशा स्थितींत विकण्याचा विचार ज्याच्या मनांत येत नाहीं तो एक तर संत, नाहीं तर सुखवस्तु. त्याचें म्हणणें आम्हीं पुरतें ऐकून घेतलें. शेवटीं असें ठरलें कीं, आत्या जिवंत असेपर्यंत घर विकावयाचें नाहीं. दुरुस्तीस सर्वांनीं लेखी संमति द्यावी. आणि या दुरुस्तीमुळें कोणाचा वाटा वाढणार नाहीं कीं कमी होणार नाहीं. त्यानें संमतिपत्रावर सही केली, पैसे दिले नाहींत. त्याच्या मुलांस तेव्हां पैशाची गरज अधिक होती.

या ठरावासाठीं आम्हीं एक वही घातली. डाव्या पानावर कोणी किती रुपये दिले तें, उजव्या पानावर कोण कोणत्या दिवशीं कामास आला तें. रुपये म्हणजे घरास दिलेलें कर्ज. पुढेंमागें घराचें कांहीं झालें तर तें आधीं फेडावयाचें. श्रमाची मात्र नोंद ठेवावी, हिशेब ठेवूं नये, असें माझें मत आहे. एकानें चार दिवस घाम गाळला व दुसऱ्यानें अर्धाच दिवस, म्हणून त्याची किंमत करूं लागलें कीं भाऊ मजूर होतो आणि बहीण मुकादम. घाटावर शेतकरी एकमेकांच्या शेतांत बैल घेऊन फुकट राबतात व संध्याकाळीं पोटभर जेवतात, त्यास इर्जीक म्हणतात. आपल्या गांवांतहि मृगापूर्वीं कौलें चाळावयाचीं म्हणजे आळींतील चार घरें एकत्र येत, हें येथील वडीलधाऱ्या मंडळींस आठवत असेल. आम्हीं नवें असें कांहीं केलें नाहीं.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. पहिल्यानें छप्पर. हें मी कोणाच्या पुस्तकांतून सांगत नाहीं. आपल्या किल्ल्यांत जाऊन पाहा. वसईचा किल्ला १७३९ सालीं चिमाजी आप्पांच्या हातीं आला, त्यापूर्वींच्या देवळांच्या व मठांच्या भिंती अजून उभ्या आहेत. परंतु जेथें छप्पर गेलें तेथें भिंतींत पिंपळ व वड शिरले, आणि भिंतीहि एकेक करून ढांसळूं लागल्या. आपल्याकडे पावसाळ्याच्या चार महिन्यांत सुमारें ८० ते ९० इंच पाऊस पडतो. एवढें पाणी डोक्यावरून वळवून दिलें नाहीं, तर खालीं भिंतीवर केलेला सारा खर्च व्यर्थ. रंग, फरशी, खिडक्यांच्या कांचा या गोष्टी शेवटच्या. परंतु पाहुण्यांस दिसतात त्याच, म्हणून लोक तेथूनच आरंभ करतात.

मंगळुरी कौलाचा इतिहास थोडक्यांत सांगण्याजोगा आहे. पूर्वीं आपल्याकडे कुंभारी नळ्यांचीं घरें असत. १८६५ सालीं बासेल मिशनच्या जर्मन मंडळींनीं मंगळूर येथें जेप्पू गांवीं कौलांचा कारखाना काढला, आणि एकमेकांच्या खांचेंत बसणारीं, सांच्यांतून काढलेलीं चपटीं कौलें पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरलीं. एक कौल सुमारें २ ते ३ किलो भरतें, आणि शंभर चौरस फुटांस सुमारें दीडशें कौलें लागतात. म्हणजे छपराच्या एका लहानशा तुकड्यावरहि तीन-चारशें किलोंचा भार. वरून पाऊस मुरला म्हणजे तो आणखी वाढतो. हें वजन जाणल्यावांचून वासे व रिपा यांचा विचार करूं नये.

कौलें उतरविण्याचें काम नातलगांचें व मित्रांचें. त्यास कौशल्य थोडें आणि हात पुष्कळ लागतात. शिडीवर दोघे, खालीं अंगणांतून मांडवापर्यंत माणसांची रांग, आणि एकाच्या हातांतून दुसऱ्याच्या हातांत कौल. पहिल्या दिवशीं चोवीस माणसें होतीं. त्यांत आमच्या मेव्हण्यांच्या कचेरींतील तीन मित्र, धर्मग्रामाच्या तरुण मंडळाचे आठ जण, आणि शेजारचे आगरी बंधु. त्यांच्या घरच्या कौलांस आम्हीं मागें कधींतरी हात लावला होता म्हणून नव्हे, तर आत्येनें त्यांच्या दोन्ही मुलींस शिवण शिकविली होती म्हणून ते आले. प्रत्येक कौल बोटाच्या पेरानें वाजवून पाहावयाचें. खणखणीत वाजलें तर तें चांगलें, बद्द वाजलें तर त्यांत चीर आहे. हें काम मुलांस दिलें; त्यांचे कान आमच्यापेक्षां तिखट, व कंटाळा कमी. चांगल्या कौलांस खडूची खूण, मग काथ्याच्या ब्रशानें शेवाळ धुऊन उन्हांत उभीं करून ठेवावयाचीं. अडीच हजारांपैकीं अदमासें चारशें बाद झालीं.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवा. वेगवेगळ्या कारखान्यांचीं कौलें दिसावयास सारखीं असलीं तरी त्यांच्या खांचा जुळतीलच असें नाहीं. आजचें नवें कौल जुन्याच्या शेजारीं बसवूं गेल्यास बहुधा फट राहते, आणि त्या फटींतूनच पाणी येतें. आम्हीं जुनीं कौलें एकत्र करून पुढील पाखें सबंध जुन्या कौलांचें केलें, व मागील पाखें नव्यांचें. जेथें जुनें घर पाडीत असतील तेथें कौलें मोडून भरावांत टाकूं देऊं नका; मागून आणा. कौलाच्या मागील बाजूस कारखान्याचें नांव उमटलेलें असतें, तें पाहून जोड लावतां येतो.

छप्पर उघडलें म्हणजे लांकूड दिसतें, आणि खरी परीक्षा तेथें होते. येथें मित्रांचा उपयोग संपतो व सुताराचा अधिकार सुरू होतो. आमचे सुतार पांचाळ. त्यांच्या आजोबांनीं आमच्या आजोबांसाठीं हेंच आढें चढविलें होतें, असें त्यांच्या घरीं सांगतात. ते आले, चष्मा पुसला, आणि हातोडीच्या दांड्यानें एकेक तुळई ठोकीत गेले. जेथें भरीव आवाज तेथें पुढें, जेथें पोकळ तेथें टोंचा मारून पाहावयाचें. वाळवी उजेडांत फिरत नाहीं. ती मातीचे बारीक बोगदे बांधून भिंतीवरून वर चढते, आणि तिला ओल लागते. म्हणून वाळवी लागलेल्या लांकडाचा दोष बहुधा त्या लांकडांत नसतो, जवळच्या गळतींत असतो. माझ्या एका इंजिनिअर भाच्याचें मत सर्व वासे बदलावे असें होतें. सुतारांनीं त्यास शांतपणें विचारलें, “बाबा, दांत किडला म्हणून जबडा काढतात काय?” ४६ वाशांपैकीं नऊच बदलले.

खचलेल्या खांबाचें काम मीं जवळून पाहिलें, तें सविस्तर सांगतों. खांब वरून ठणठणीत होता. तळखड्यावर टेकलेला त्याचा हातभर पाय तेवढा कुजला होता. प्रथम त्यावरील तुळईस दोहों बाजूंनीं टेकू दिले, आणि त्यांखालीं मालमोटारीचे जॅक लावून तुळई हळूहळू उचलली. एका दिवसांत दोरीभर, अधिक नाहीं. घाई केली असती तर वरील भिंतीस तडा गेला असता. पंधरा दिवसांनीं तुळई सरळ आली. मग खांबाचा कुजका पाय तिरपा कापला, जुन्याच सागाचा नवा तुकडा त्याच तिरप्या मापानें घडवून एकांत एक खांच बसविली, व लांकडाच्या खुंट्या मारल्या. तळखड्याच्या भोंवतीं कोणी मागें सिमेंटाचा कट्टा घातला होता, त्यामुळें पाणी तेथेंच तुंबत असे. तो फोडून टाकला. लांकडास खालून वारा लागला पाहिजे, एवढेंच त्याचें रहस्य. जॅक आणले ते त्याच इंजिनिअर भाच्यानें, हेंहि सांगितलें पाहिजे. पंधरा दिवस रोज सकाळीं येऊन सुतारांच्या देखरेखीखालीं तोच ते फिरवीत होता, आणि त्या पंधरा दिवसांत सुतार त्यास ‘बाबा’ म्हणावयाचे सोडून ‘इंजिनिअरसाहेब’ म्हणूं लागले.

आतां भिंती. हा भाग थोडा लांबेल, कारण आपल्याकडे सर्वांत अधिक पैसा येथें वायां जातो. दहाएक वर्षांपूर्वीं एका कंत्राटदारानें आमच्या पुढील भिंतीस सिमेंटाचा गिलावा केला होता. काम दिसावयास सुरेख. तीन पावसाळ्यांत त्यावर लोणा फुटला, गिलाव्याचे पापुद्रे पडूं लागले, आणि आंतील वीट हातानें चुरडावी अशी झाली. असें कां व्हावें? आपली जमीन सखल, समुद्र जवळ, विहिरीस व बावखलास पाणी वर. भिंत जमिनींतील ओल शोषून घेते, व त्या ओलीबरोबर क्षारहि वर चढतात. चुन्याचा गिलावा सच्छिद्र. त्यांतून ती ओल हवेंत निघून जाते, आणि फार तर चुना थोडा झडतो, जो पुन्हां लावतां येतो. सिमेंट घट्ट, तें ओल आंत कोंडून धरतें. मग क्षारांचे खडे गिलाव्याच्या आड, विटेंतच धरतात, फुगतात, व वीट फोडतात. चुना आपण झिजून विटेस वांचवितो. सिमेंट स्वतः टिकतें व विटेस मारतें. सिमेंट वाईट असें मी म्हणत नाहीं. १८२४ सालीं त्याची सनद इंग्लंडांत घेतली गेली व त्यानंतर जगांतील अनेक मोठीं बांधकामें त्यावर उभीं आहेत. परंतु तें नव्या भिंतीचें औषध. जुन्या चुन्याच्या भिंतीस तें मानवत नाहीं.

तो गिलावा छिन्नीनें काढावयास सहा शनिवार लागले. हें काम घामाचें, धुळीचें, कंटाळवाणें. परंतु शिकविण्याजोगें त्यांत फारसें नाहीं, म्हणून तरुण मंडळींनीं तें पत्करलें. नाकातोंडावर फडकीं नव्हे, तर धूळ अडविणारे मुखवटे लावून. मग भिंत एक पावसाळा तशीच उघडी ठेवली, वरून फक्त पागोळ्यांचें पाणी येणार नाहीं अशी ताडपत्री लांबवून. लोक विचारीत, “काम बंद पडलें काय?” काम चालू होतें, भिंत वाळत होती.

चुन्याचें शास्त्र आमच्या जुन्या गवंड्यांनीं समजावलें. शिंपले किंवा चुनखडी भाजून कळीचा चुना होतो. तो पाण्यांत टाकला कीं उकळूं लागतो. या वेळीं मुलांस दूर ठेवावें व डोळ्यांवर चष्मा असावा, कारण उडालेला थेंब डोळ्यांत गेल्यास डोळा जाण्याचें भय असतें. विरलेला चुना पाण्याखालीं जितका अधिक दिवस मुरेल तितका चांगला. आम्हीं तीन महिने मुरविला. त्यांत धुतलेली वाळू व विटांची सुरखी घातली. जुन्या काळीं गूळ, हिरडा यांचें पाणी घालीत. आम्हींहि घातलें, आणि मुंग्यांनीं दोन दिवस उत्सव केला. लावलेला चुना हवेंतील कर्बाम्ल वायु शोषून हळूहळू पुन्हां दगड होतो. त्यास महिने लागतात. म्हणून पहिले कांहीं आठवडे भिंतीवर ओलें गोणपाट टांगून तिला एकदम सुकूं द्यावयाचें नाहीं. गोणपाट भिजविण्याचा मान आत्येनें स्वतःकडे घेतला. ती रोज सकाळीं मिस्साहून आली कीं आधीं भिंतीस पाणी, मग स्वतःस चहा.

मागील कुडाच्या भिंती हा बायकांचा प्रांत ठरला. कारवी आपल्या सह्याद्रींत उगवते व आठ वर्षांनीं एकदां फुलते. मुंबईभोंवतालच्या डोंगरांत ती २०१६ व २०२४ सालीं फुलली. आज ती जंगलांतून वाटेल तशी तोडून आणतां येत नाहीं, व आणूंहि नये. एका पडक्या गोठ्याच्या कुडांतील चांगल्या काठ्या आम्हीं निवडून घेतल्या. माती, भाताचा पेंढा व शेण एकत्र तुडवून आठवडाभर कुजविलें, आणि मग दोन्ही अंगांनीं लिंपण. तें कसें करावें, हें आमच्यापैकीं फक्त दोघींस ठाऊक होतें: आत्येस व शेजारच्या आजीस. मुंबईच्या सुनांनीं पहिल्या दिवशीं नाकें मुरडलीं. तिसऱ्या दिवशीं कोणाचा हात सफाईचा, यावर पैजा लागल्या. आत्येनें निकाल दिला नाहीं. ती म्हणाली, “पावसाळ्यानंतर सांगेन.”

मदतीस येणाऱ्या माणसांविषयीं दोन गोष्टी. सुतार, गवंडी, वीजवाला यांस पुरी मजुरी द्यावी, आणि ती शनिवारीं संध्याकाळीं द्यावी. घरची माणसें फुकट राबत आहेत म्हणून कारागिरानेंहि भाव उतरावा अशी अपेक्षा करणें हा अन्याय आहे. आणि जो कारागीर असेल त्याच्या कामांत मामांनीं, काकांनीं व विशेषतः जांवयांनीं शहाणपण शिकवूं नये. दुसरें, जेवण वेळेवर असावें. आमच्या येथें एका दिवशीं भात तीन वाजतां आला, आणि पुढील शनिवारीं सात माणसें कमी आलीं. रविवारीं कामास हात लावावयाचा नाहीं, असा आत्येचा दंडक. मुंबईहून येणाऱ्यांस तोच एक दिवस सोयीचा होता, म्हणून यावर बरीच कुरकूर झाली. आत्या बधली नाहीं. त्यामुळें रविवारीं लोक नुसते येत, बसत, केळीं खात, आणि न कळत पुढच्या आठवड्याचें सर्व ठरून जाई. चुलतभाऊहि अशाच एका रविवारीं आला. दुसऱ्या उन्हाळ्यांत दोन दिवस तो रांगेंत उभा राहून कौलें देत होता. विकण्याविषयींचें आपलें मत त्यानें बदललेलें नाहीं, व त्यास तें कोणी विचारलेंहि नाहीं.

धोक्याच्या गोष्टी भराभर सांगून टाकतों. गोठ्यावर किंवा पडवीवर ॲस्बेस्टॉसचे जुने पत्रे असतील तर ते फोडूं नका, कापूं नका, घांसूं नका. त्यांचे बारीक तंतु श्वासावाटें फुप्फुसांत जाऊन कर्करोग होतो, हें आज निर्विवाद आहे. ते ओले करून अखंड उतरवावे, व काढणारा माणूस जाणता असावा. दारां-खिडक्यांचा जुना तैलरंग कोरडा खरडूं नये. त्यांत शिसें असण्याचा संभव फार. आपल्या देशांत घरगुती रंगांतील शिशावर कडक मर्यादा २०१७ पासून आली, त्यापूर्वींच्या थरांचा भरंवसा नाहीं, आणि ती धूळ लहान मुलांस विशेष बाधते. छपरावर चढण्यापूर्वीं वीज मुख्य बटणापाशीं बंद करावी. ओल्या कौलावर कोणीहि, कितीहि धीट असो, पाय ठेवूं नये.

२०२४ च्या पावसाळ्यांत माजघरांत थेंब पडला नाहीं. स्वयंपाकघराच्या कोंपऱ्यांत मात्र अजून ओल येते. तिचें कारण सुतार एक सांगतात, गवंडी दुसरें सांगतात, आणि दोघेहि एकमेकांचे व्याही आहेत, तेव्हां त्यांत आम्ही पडत नाहीं. दारें लागतात. आत्या तेथेंच आहे. लिंपणाच्या पैजेचा निकाल तिनें अजून दिलेला नाहीं.

शेवटीं एक निवेदन करण्याची परवानगी अध्यक्षमहाराजांकडून मीं घेतली आहे. ईस्टर झाल्यावर आपल्याच धर्मग्रामांतील दोन घरांचीं कौलें उतरावयाचीं आहेत. एका घरीं कमावता माणूस अंथरुणास खिळलेला आहे. दुसरें घर दोघां वृद्ध भावांचें. सुतारांशीं बोलणें झालें आहे, मजुरीची तजवीज झाली आहे, हात हवे आहेत. मृगापूर्वीं आपल्यापाशीं सातच शनिवार उरतात. ज्यांच्याकडे लांब शिडी असेल, जुनीं मंगळुरी कौलें परसांत पडलीं असतील, किंवा ज्यांच्या मुलांचे कान तिखट असतील, त्यांनीं सभा संपल्यावर देवळाच्या मागील दारापाशीं थांबावें. वही आम्हीं आणली आहे. जेवण एक वाजतां मिळेल.